घरची मिळकत आणि पोरांचं वागणं : शाळेत पाहणी करायची आहे, कशी करावी?

विटा_गुरुजी

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातली अनुदानित माध्यमिक शाळा, आठवी ते दहावी, पट चारशेच्या आसपास. या वर्षी मारामाऱ्या, मधल्या सुट्टीनंतर गायब होऊन स्टँडवर बसणं, मावा, मोबाईलवरून एकमेकांना धमक्या आणि लायसन नसताना गाड्या उडवणं, हे सगळं वाढलंय. शाळा समितीच्या सभेत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, ही मजुरांची, वस्तीवरची पोरं. घरात दोन वेळची मारामार, तिथं वळण कोण लावणार? दुसऱ्या तटाचं म्हणणं, गरिबाचं पोर उलट दबून असतं, खरा ताप गलाईवाल्यांच्या (परराज्यांत सोनं-चांदी गाळायचा धंदा करणाऱ्यांच्या) आणि बागायतदारांच्या पोरांचा.

शेवटी ठरलं ते असं : उत्पन्नाच्या दाखल्यावरून घरांचे गट पाडायचे, प्रत्येक गटात 'वांड' पोरं किती ते मोजायचं, आणि तशी यादी समितीपुढे ठेवायची. काम माझ्याकडे आलंय. गरिबी आणि वर्तन यांचा संबंध खरंच किती आहे, मोजायचा तर कसा मोजायचा, आणि मोजून झाल्यावर शाळेनं करायचं काय? 'संस्कार कमी पडले' सोडून काहीही सांगा.

मिरजकर_समुपदेशक

गुरुजी, दोन्ही तट अर्धे बरोबर आहेत, पण दोघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत.

आधी वर्तन समस्या दोन ढिगांत घाला. मारामारी, चोरी, खोटं बोलणं, उलट उत्तरं, शाळा बुडवणं हा एक ढीग. धास्ती, उदासपणा, एकटं पडणं, स्वतःला इजा करणं हा दुसरा. मिळकतीचा संबंध पहिल्या ढिगाशी जास्त घट्ट निघतो. दुसऱ्या ढिगाबद्दल शिक्षकांची तक्रारच येत नाही, कारण ती पोरं वर्गात गप्प असतात.

पैसा आणि वागणं यांच्यात कारण-परिणाम आहे का, याचा सगळ्यात चांगला पुरावा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातून आला. तिथं १४२० ग्रामीण मुलांचा अभ्यास चालू होता, त्यातली पावभर चेरोकी या मूळनिवासी समाजाची. अभ्यास चालू असतानाच त्या समाजाच्या जमिनीवर जुगारघर निघालं आणि नफ्यातला वाटा समाजाच्या प्रत्येकाला मिळू लागला. गरीब-श्रीमंत, मेहनती-आळशी न बघता सगळ्यांना. जेन कॉस्टेलो यांच्या गटानं २००३ साली निष्कर्ष मांडले : ज्या घरांची गरिबी त्या पैशानं हटली, तिथल्या मुलांची भांडखोर आणि नियम मोडणारी लक्षणं उतरून कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आली. धास्ती-उदासपणात मात्र फरक पडला नाही. आणि सुधारणा कशातून आली हे तपासलं तेव्हा मोठा वाटा निघाला पालकांच्या देखरेखीचा. पोर कुठं आहे, कुणाबरोबर आहे, कधी येणार, हे बघायला घरात कुणाला तरी फुरसत मिळाली.

दुसरा धागा आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांचा. १९८० च्या दशकात तिथं शेती कर्जात बुडाली. ग्लेन एल्डर आणि रँड काँगर यांनी १९८९ पासून ४५१ कुटुंबांचा पाठपुरावा केला. क्रम असा दिसला : हप्ते थकतात, आई-बाप चिडचिडे आणि खचलेले होतात, आपसात भांडणं वाढतात, मग मुलांशी वागणं कडक आणि लहरी होतं, आणि पोर बिघडतं. रिकामा खिसा पोरापर्यंत पोचतो तो आई-बापाच्या मनःस्थितीतून.

हे तासगाव-खानापूरला लावून बघा. फळछाटणी झाल्यावर अवकाळी पाऊस आला, द्राक्षावर डावणी (बुरशीचा रोग) पडली, औषधाच्या दुकानाची उधारी चढली, फायनान्सवाल्याचा माणूस दारात उभा. त्या घराची जमीन पाच एकर बागायत असू शकते. कागदावर ते 'सधन', आणि घरातला ताण मजुराच्या घराइतकाच किंवा जास्त. म्हणून मिळकतीच्या आकड्यापेक्षा चढ-उतार, कर्ज आणि देखरेख या तीन गोष्टी मोजल्या तर हाती काहीतरी लागेल.

आता दुसऱ्या तटाचं. सुनिया लुथार या भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या श्रीमंत उपनगरांतली दहावीची मुलं आणि शहरातल्या गरीब वस्तीतली मुलं यांची तुलना केली. व्यसन आणि धास्ती या दोन्हींत श्रीमंत मुलं पुढं निघाली. त्यांनी मुख्य कारणं दोन मांडली : यशाचा दबाव, आणि घरातल्या मोठ्यांपासून तुटलेपण. गलाईवाल्यांच्या घरात दुसरं कारण नेमकं आहे. बाप तमिळनाडूत नाहीतर केरळात, बऱ्याचदा आईसुद्धा तिकडंच, पोर आजी-आजोबांकडं, आणि पैसा मोबाईलवर येतो. देखरेख शून्य. मजूर आई-बाप सकाळी सातला रानात जाऊन अंधार पडल्यावर येतात, तिथंही शून्य. मिळकत दोन टोकांची आणि भोक एकच.

आकडेमोड

वरचं पटलं. आता मोजायचं कसं. पहिली सूचना : उत्पन्नाचा दाखला विसरा. तो शिष्यवृत्तीसाठी, फी माफीसाठी, शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के प्रवेशाच्या एक लाखाच्या मर्यादेसाठी काढलेला असतो. ज्या कागदावरचा आकडा कमी असण्यात फायदा आहे, तो कागद मोजपट्टी म्हणून वापरायचा नसतो. शिधापत्रिकेचा रंगही तसाच : पिवळं, केशरी, पांढरं ही विभागणी १९९९ ची. केशरीची मर्यादा वर्षाला एक लाख धरली, तर आज त्या गटात कोण कोण बसलंय हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

घराची सामाजिक-आर्थिक पातळी मोजायच्या तयार मोजपट्ट्या तीन. कुप्पुस्वामी (१९७६) शहरी कुटुंबांसाठी : कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, व्यवसाय, महिन्याचं उत्पन्न, एकूण ३ ते २९ गुण. २६–२९ उच्च, १६–२५ उच्च मध्यम, ११–१५ कनिष्ठ मध्यम, ५–१० वरचा कनिष्ठ, ५ च्या खाली कनिष्ठ. उत्पन्नाचे टप्पे महागाईच्या निर्देशांकानुसार दर वर्षी बदलून घ्यावे लागतात. बरेच विद्यार्थी प्रबंधात जुने टप्पे तसेच उचलतात आणि निम्मा गाव 'उच्च मध्यम' निघतो. दुसरी बी. जी. प्रसाद (१९६१), फक्त दरडोई महिना उत्पन्न. ऊस-द्राक्षाच्या घरात 'महिना उत्पन्न' हा प्रश्नच चुकीचा. पैसा वर्षात दोनदा-तीनदा येतो. तिसरी उदय पारीक आणि त्रिवेदी यांची ग्रामीण मोजपट्टी (१९६४) : जमीन, घर, शेतीची साधनं, घरातल्या वस्तू, सामाजिक सहभाग वगैरे नऊ बाबी. आपल्याकडं बसते, पण त्यात जात हीही गुणांची बाब आहे. शाळेच्या पाहणीत ती नको. त्यातून मिळणारी माहिती थोडी आणि उठणारा धुरळा फार.

माझ्या मते घरचे सहा-सात साधे प्रश्न बरे :

जमीन किती, त्यातली पाण्याखाली किती (एकर-गुंठ्यांत). गेल्या बारा महिन्यांत पैसा कोणत्या महिन्यांत आला. कर्जाचा हप्ता आठवड्याचा, महिन्याचा की हंगामाचा, आणि गेल्या सहा महिन्यांत कधी चुकला का. आई-बापांपैकी गावात कोण राहतं. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत घरात मोठं माणूस कोण असतं. आईचं शिक्षण. घरात मुलाला अभ्यासाला जागा आहे का. यातला चौथा आणि पाचवा प्रश्न तुम्हाला उत्पन्नापेक्षा जास्त सांगून जाईल.

वागण्यासाठी रॉबर्ट गुडमन यांची १९९७ ची 'बलस्थानं आणि अडचणी प्रश्नावली' घ्या. २५ विधानं, प्रत्येकाला ०, १ किंवा २. पाच-पाच विधानांचे पाच गट : भावनिक, वर्तन, चंचलता, सवंगड्यांशी अडचण, आणि मदतीची वृत्ती. पहिल्या चारांची बेरीज ० ते ४०. मदतीच्या वृत्तीचे गुण त्यात धरायचे नाहीत (हमखास होणारी चूक). शिक्षकानं भरलेल्या अर्जात १६ किंवा जास्त, पालकाच्या १७ किंवा जास्त, मुलाच्या स्वतःच्या २० किंवा जास्त आले तर 'जास्त' म्हणतात. या मर्यादा ब्रिटिश मुलांवरून काढलेल्या आहेत, म्हणून शिक्का मारायला वापरू नका. अधिकृत अर्जच वापरा, विधानं स्वतः बदलू नका. 'चोरी करतो' हे खटकतं म्हणून कुणी 'वस्तू न विचारता घेतो' केलं, की तुलना संपली.

अर्ज तिघांकडून भरून घ्या : वर्गशिक्षक, पालक, आणि अकरा वर्षांवरचा मुलगा किंवा मुलगी स्वतः. तिघांची उत्तरं जुळणार नाहीत, आणि तीच खरी माहिती. मुलांच्या स्वतःच्या सांगण्यावरून काढलं तर आर्थिक वर्ग आणि वर्तन यांचा संबंध अगदी किरकोळ दिसतो. शिक्षक-पालकांच्या सांगण्यावरून वाढतो. पोलिसांच्या नोंदीवरून आणखी वाढतो. १९७८ मध्ये टिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ अभ्यास एकत्र करून गुन्हा आणि वर्ग यांचा संबंध जवळपास दंतकथा ठरवला होता. ते जरा टोकाचं होतं, पण मुद्दा राहतोच : मळका शर्ट आणि इस्त्रीचा शर्ट यांनी केलेली तीच खोडी शिक्षकाच्या वहीत वेगवेगळी उतरते.

आता कडू गोळी. असा संबंध (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) अभ्यासांत साधारण ०.१ च्या आसपास निघतो, म्हणजे वागण्यातल्या फरकापैकी एक टक्का. चारशे मुलांवर त्या आकड्याची चूक-मर्यादा अधिक-उणे ०.१ इतकीच असते. म्हणजे तुमच्या शाळेत संबंध 'आहे' निघो की 'नाही' निघो, दोन्ही योगायोगानं निघू शकतं. एका तुकडीच्या चाळीस पोरांवर तर ही मर्यादा ०.३ होते, तिथं गट पाडून टक्केवारी काढणं म्हणजे सभेत भांडायला दारूगोळा पुरवणं. शिवाय तुमच्या पटावर दोन्ही टोकं नाहीत. वरची मुलं इंग्रजी माध्यमात किंवा निवासी शाळेत गेलेली, आणि ऊस तोडायला आलेल्या टोळ्यांची मुलं कोप्यांवर (झोपड्यांत), पटाबाहेर. टोकं कापली की उरलेला संबंध फिका दिसतोच. मुलींचंही बघा : गरीब घरात मुलीबद्दल काही कानावर आलं की तिची शाळाच सुटते, म्हणजे ती तुमच्या आकड्यातून आधीच गेलेली.

रोखठोक

सगळं वाचलं. पण एक दुसरी बाजू कुणी मांडली नाही. स्वीडनमध्ये १९८९ ते १९९३ दरम्यान जन्मलेल्या पाच लाखांवर मुलांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. सगळ्यात गरीब पाचव्या हिश्श्यातल्या मुलांना पुढं हिंसक गुन्ह्यात शिक्षा होण्याचा धोका सगळ्यात श्रीमंत हिश्श्याच्या जवळपास सात पट होता. पण एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली, म्हणजे थोरल्याच्या लहानपणी घर गरीब आणि धाकट्याच्या वेळी सुधारलेलं, तेव्हा फरक उरलाच नाही. म्हणजे पैसा हे कारण नाही, घराणं हे कारण आहे. वळण म्हणा, रक्त म्हणा. मग हे हप्ते आणि बागायत मोजायचा खटाटोप कशाला?

मिरजकर_समुपदेशक

@रोखठोक, अभ्यास बरोबर सांगितलात, निष्कर्ष मात्र जास्त ताणलात.

भावंडांच्या तुलनेत घरात जे दोघांना सारखं आहे ते सगळं वजा होतं. त्यात अनुवंश आहे, तसं आई-बापाचं शिक्षण, दारू, गाव, भावकीतली भांडणं आणि वर्षानुवर्षांची गरिबी हेही आहे. उरतो फक्त थोरला आणि धाकटा यांच्यामधल्या काही वर्षांचा उत्पन्नातला फरक. तेवढ्यानं 'रक्त' सिद्ध होत नाही. दुसरं, स्वीडनमध्ये गरीब घरालाही दवाखाना, शाळा, भत्ता सरकार देतं; तिथं थोडं उत्पन्न कमी-जास्त झालं तरी जेवण-औषध सुटत नाही. आपल्याकडं सुटतं.

आणि चेरोकींच्या बाबतीत घराणी तीच राहिली, पैसा तेवढा बदलला. २०१० मध्ये आलेल्या पुढच्या विश्लेषणात, सगळ्यात गरीब घरांना वर्षाला सरासरी चार हजार डॉलर जास्त मिळाल्यानं २१ व्या वर्षापर्यंत शिक्षण एका वर्षानं वाढलं आणि १६-१७ व्या वर्षी किरकोळ गुन्ह्याची शक्यता २२ टक्क्यांनी घटली.

तुमच्या बोलण्यातलं एक मी घेतो. सगळी पोरं एका कारणानं बिघडत नाहीत. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांच्या अभ्यासावरून टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा दाखवल्या. काही थोडी मुलं बालवाडी-पहिलीपासूनच मारकी, अभ्यासात मागं, आणि तशीच पुढं जातात. बाकीची बरीच फक्त वयात येताना बिथरतात आणि विशीत सावरतात. गुरुजींनी प्रत्येक नावापुढं एक गोष्ट जरूर लिहावी : त्रास दहा वर्षांच्या आधीपासून की नंतर? जिल्हा परिषद शाळेच्या चौथीच्या गुरुजींना एक फोन केला की कळतं. आधीपासूनचा असेल तर पहिली तपासणी कानाची, डोळ्याची आणि वाचन-लेखन अक्षमतेची. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून टवाळी करणारं पोर 'वांड' यादीत वर्षानुवर्षं बसतं.

बालहक्क_सांगली

गुरुजी, मी थेट यादीवर येते. ती यादी समितीपुढे ठेवू नका. नावासकट 'गरीब घर – वांड मुलगा' असा कागद एकदा फिरला की तो गावाच्या ग्रुपवर जाणार. १८ खालच्या मुलांची पाहणी करताना पालकाची लेखी संमती आणि बारा वर्षांवरच्या मुलाची स्वतःची लेखी तयारी घ्यावी लागते; भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे. अर्जावर नाव नको, अनुक्रमांक टाका; नाव-क्रमांकाची चावी मुख्याध्यापकांच्या कपाटात वेगळी. समितीपुढं फक्त बेरजा जाव्यात, आणि एखाद्या खान्यात पाचपेक्षा कमी मुलं असतील तर तो खाना झाकायचा. छोट्या गावात 'नववी, मुली, जमीन नाही, ३' एवढ्यावर घर ओळखू येतं. 'स्वतःला इजा' किंवा लैंगिक छळ असं काही अर्जातून उघडं झालं तर अर्ज बाजूला ठेवून बसता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवावीच लागते. ते कोण कळवणार, हे अर्ज वाटायच्या आधी ठरवा.

नोंदीतला भेद वर आलाच आहे, त्यात भर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग काही वर्षं पकडलेल्या मुलांच्या घरचं उत्पन्न छापायचा. २०१३ च्या अहवालात साधारण निम्मी मुलं वर्षाला २५ हजारांपर्यंत उत्पन्नाच्या घरातली होती. त्यावरून 'गरिबीतून गुन्हेगारी' असे मथळे झाले. पण तो आकडा पकडलेल्यांचा आहे, करणाऱ्यांचा नाही. बागायतदाराच्या पोरानं कुणाचं डोकं फोडलं तर संध्याकाळी पाटलांच्या सोप्यात मिटवामिटवी होते, दवाखान्याचा खर्च भरला जातो, पोलीस ठाण्यात ओळही उठत नाही. कोपीवरच्या पोराला मिटवणारं कुणी नसतं.

बाल न्याय कायदा २०१५ आणि त्याखालचे २०१६ चे आदर्श नियम शिक्षकांनी एवढे तरी जाणून असावेत : किरकोळ (तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा) आणि गंभीर (तीन ते सात वर्षं) प्रकारात, प्रौढ सामील नसेल तर, मुलावर गुन्हा दाखल करायचा नसतो, ठाणे दैनंदिनीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल करून बाल न्याय मंडळापुढं पाठवायचं. 'केस टाकतो' अशी धमकी शाळेनं देऊ नये, आणि 'काही होत नाही' असंही सांगू नये. शाळेत मारहाण तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद आहे.

गाड्यांबद्दल : मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-अ खाली अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. पालकसभेत हे एकदा वाचून दाखवा. शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त लागतं.

मदतीकडं वळू. एक पालक गेलेला, सोडून गेलेला किंवा दीर्घ आजारी असेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळतात. मिशन वात्सल्यचं प्रायोजकत्व ४००० रुपयांचं, त्याला उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार आणि इतरत्र ९६ हजार. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं, आदेश बाल कल्याण समितीचा. अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा शाळेच्या बोनाफाईडवर, मृत्यू दाखल्यावरच्या नावातल्या फरकावर आणि मुलाच्या आधारशी न जोडलेल्या बँक खात्यावर. तेवढं शाळेनं आधी बघून दिलं तरी खूप. मूल धोक्यात असेल तर १०९८, मनाच्या त्रासासाठी १४४१६.

विटा_गुरुजी

ताई, सर, मनापासून आभार. यादीचा विषय मी मुख्याध्यापकांकडून मागं घ्यायला लावतो. आता रोजचं सांगा. समजा पंधरा-वीस पोरं सतत त्रास देणारी आहेत. समुपदेशक शाळेत नाही. आम्ही शिक्षकांनी उद्यापासून काय करावं? आणि ज्यांचे आई-बाप परराज्यात आहेत त्यांच्या बाबतीत बोलायचं तरी कुणाशी?

मिरजकर_समुपदेशक

रोजचं कार्ड सुरू करा. पोस्टकार्डाएवढा जाड कागद. तीन वागण्याच्या ओळी, चार तासांचे रकाने, म्हणजे बारा खाने. ओळी करण्याच्या भाषेत लिहा : 'तास सुरू होताना जागेवर', 'वही-पुस्तक बाहेर', 'हात स्वतःकडं'. 'दंगा करणार नाही' असं लिहू नका. न करण्याची खूण कशी करणार? प्रत्येक शिक्षक तासाअखेर एक खूण किंवा कोरं, बाकी शेरा नाही. पहिल्या आठवड्यात बारापैकी सात-आठ खुणा पुऱ्या, नंतर नऊ, मग दहा. पहिल्याच दिवशी दहा ठेवलं तर पोर मंगळवारी कार्ड ओढ्यात टाकतं. घरी तितक्या खुणा दिसल्या की ठरलेली सवलत : अर्धा तास क्रिकेट जास्त, टीव्हीचा रिमोट, रविवारी मामाच्या गावी. पैसे नकोत. खुणा कमी आल्या तर फक्त सवलत नाही, दुसरी शिक्षा काहीही नाही. कार्ड हरवलं तर शून्य धरायचं, त्यावर वाद घालायचा नाही. चार ते सहा आठवडे रोज, मग आठवड्यातून एकदा.

हे कुठं फसतं ते सांगतो. एक शिक्षक कोपऱ्यात 'आज फार त्रास दिला' लिहितो आणि घरी पट्टा निघतो. म्हणून सुरू करण्याआधी पालकाला समोर बसवून 'या कार्डावरून मारायचं नाही' हे वदवून घ्या. दुसरं, आठ दिवसांत सुधारलं म्हणून बंद करतात. तिसरं, वीस पोरांचं एकदम सुरू करतात. चार-पाचच घ्या, आणि ती दोन्ही तटांतली घ्या, म्हणजे गावात त्याला 'गरिबांचं कार्ड' नाव पडणार नाही.

पालकाला सांगायची गोष्ट एकच, पण नीट सांगा. ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून पाहिलेलं चक्र असं : आई काम सांगते, पोर नाही म्हणतं, आई ओरडते, पोर जास्त ओरडतं, आई दमून सोडून देते. पोर शिकलं की ओरडल्यावर सुटका होते; आई शिकली की सोडून दिल्यावर शांतता मिळते. बारा तास रानात राबून आलेल्या बाईचं हे चक्र लवकर फिरतं, कारण वाद शेवटपर्यंत न्यायला अंगात बळच नसतं. म्हणून तिला दहा नियम देऊ नका. दिवसात दोनच हुकूम, जवळ जाऊन, नाव घेऊन, आणि ते मात्र पुरे करून घ्यायचे. बाकीच्या गोष्टी त्या दिवसापुरत्या सोडायच्या. जोडीला रोज दहा मिनिटं शाळेचा विषय न काढता पोराशी बोलणं. चुलीपुढं भाकरी थापताना झालं तरी चालतं.

मजुराच्या पोराचं खरं भोक शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचं. मैदान आणि एक शिक्षक आलटून-पालटून, आठवड्यातून चार दिवस, एवढी सोय झाली तरी स्टँडवरची गर्दी कमी होईल. पोलीस-सैन्य भरतीच्या अकॅडमीतल्या एखाद्या मुलाला व्यायाम घ्यायला बोलवता येईल. मात्र 'बिघडलेल्यांनाच' एकत्र आणू नका, चांगल्या पोरांत मिसळा. नुसती वांड पोरं एका गटात घातली की ती एकमेकांना नवीन उद्योग शिकवतात.

गलाईवाल्यांच्या घराशी बोलताना आजोबांना पत्र पाठवून उपयोग नाही. बापाला व्हिडिओ कॉलवर घ्या, आजोबा शेजारी, पोर समोर, आणि चार गोष्टी कागदावर ठरवा. गावातला एकच माणूस (चुलता, मामा, आत्या) ज्याचा शब्द चालेल, त्याचं नाव. आठवड्याचा खर्च किती, तो त्याच माणसाच्या हातून रोखीत. पोराच्या मोबाईलवर पैसे पाठवणं बंद. गाडीची किल्ली कुणाकडं. आणि बापाचा फोन आठवड्यात दोनदा ठरल्या वेळी, ज्यात तक्रारी आधी काढायच्या नाहीत. नाहीतर होतं असं की बाप यात्रेला नाहीतर दिवाळीला येतो, वर्षभराच्या तक्रारी एका रात्रीत ऐकतो, बडवतो, आणि जाताना नवा मोबाईल देऊन जातो.

कार्डानं सहा आठवड्यांत काहीच हललं नाही, किंवा प्राण्यांना छळणं, आग लावणं, हत्यार बाळगणं, गोळ्या-इंजेक्शनची नशा असं काही दिसलं, तर शाळेनं स्वतः खेळत बसू नये. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. साध्या शंकांसाठी सरकारी दवाखान्यांतली 'मैत्री' क्लिनिक १० ते १९ वयासाठीच आहेत.

रोखठोक

कार्डाचं पटलं. रक्ताचं अजून पटलेलं नाही, पण ते राहू द्या.

आकडेमोड

गुरुजी, पाहणी करणारच असाल तर वेळ नीट निवडा. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला होता : तोच शेतकरी तोडणीआधी, हात रिकामा असताना, आकलनाच्या चाचणीत कमी गुण घेतो आणि बिल हातात आल्यावर जास्त. तेव्हा आई-बापाचं वागणंही महिन्यावर अवलंबून असणार हे धरून चाला. एक फेरी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दुसरी मार्चच्या सुरुवातीला, परीक्षेच्या गडबडीआधी. तोवर उसाची बरीच बिलं आणि द्राक्षाचे पैसे आलेले असतात. गुडमनच्या अर्जात 'गेल्या सहा महिन्यांत' असं विचारतात, म्हणजे दोन फेऱ्यांचे काळ एकमेकांवर फारसे चढत नाहीत. जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकाकडून भरून घेऊ नका, त्याला अजून नावंही पाठ नसतात.

आणि तुलना घराघरांत करण्यापेक्षा त्याच मुलाची दोन फेऱ्यांत करा. चारशे मुलांत ती जास्त बोलते. 'आई-बाप गावात नाहीत' हा रकाना मात्र दोन्ही वेळा नव्यानं भरून घ्या. टोळीबरोबर किंवा गलाईला गेलेले लोक मधल्या काळात येतात-जातात.